शिवजयंतीनंतर, पेरणीआधी: अनगोळच्या अकरा जणांची वंडरला सहल

घर बेळगावातल्या अनगोळचं. माणसं अकरा, तीन गावांत विखुरलेली. सासूबाई 74 वर्षांच्या, दोन्ही गुडघे दुखरे. आम्ही दोघं आणि आमची मुलं: मुलगी 16 वर्षांची, नुकतीच एसएसएलसीची, म्हणजे दहावीची, परीक्षा दिलेली, आणि मुलगा 9 वर्षांचा. दीर नोकरीमुळे गडहिंग्लजला, म्हणजे हद्दीपलीकडे महाराष्ट्रात. ते, जाऊबाई, 11 वर्षांची मुलगी आणि 3 वर्षांचा मुलगा. नणंद निपाणीच्या, वय 48, त्यांच्यासोबत 14 वर्षांचा मुलगा. नणंदेच्या यजमानांना दुकान बंद ठेवणं शक्य नव्हतं. सगळ्यांनी मिळून एखाद्या मोठ्या थीम पार्कला जायचं, पार्कच्या आवारातच मुक्काम करायचा आणि सासूबाईंना घरी ठेवून जायचं नाही, इतकंच नक्की होतं. थोरली सून म्हणून पुढचं सगळं माझ्याकडे आलं.

अशा सहलीची आखणी बहुतेक घरांत राइड्सपासून सुरू होते. मुलं मोबाइलवर व्हिडिओ बघतात, कोणतं रोलर कोस्टर उंच, कोणतं उलटं जातं यावर भांडतात आणि मोठी माणसं तिकिटाचे दर काढतात. मी दुसऱ्या टोकाने सुरुवात केली: आपल्यात सगळ्यांत आधी कोण थकणार? आमच्याकडे उत्तर सरळ होतं, सासूबाई आणि तीन वर्षांचा पुतण्या. पार्कचं दार उघडल्यापासून बंद होईपर्यंत सहा-सात तास मिळतात, आणि पैसे आपण त्या तासांचे मोजतो. पण घरातलं सर्वांत थकलेलं माणूस जितका वेळ टिकतं तितकाच वेळ सगळ्या घराच्या हाती लागतो. आजीला चक्कर आली किंवा बाळ रडून बेजार झालं की निदान चार माणसं राइड सोडून सावलीत येऊन बसतात. म्हणून प्रत्येक निर्णयाला मी एकच कसोटी लावली. याने त्या दोघांचे तास वाढतात की कमी होतात?

तारीख ठरवायलाच सर्वांत जास्त वेळ लागला. हद्दीच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या घरांना हे वेगळं सांगायला नको. कर्नाटकातल्या शाळांना एप्रिलच्या दहा-अकरा तारखेला उन्हाळी सुट्टी लागते आणि मेअखेरीस शाळा पुन्हा भरतात. महाराष्ट्रात एप्रिल संपेपर्यंत परीक्षा चालतात, सुट्टी मेच्या सुरुवातीला लागते आणि जूनच्या मध्यापर्यंत असते. म्हणजे आमची आणि निपाणीची मुलं एप्रिलभर मोकळी असताना गडहिंग्लजची पुतणी पेपर लिहीत असते, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात ती मोकळी असते तेव्हा आमच्या मुलांची दप्तरं भरलेली असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरलाही तीच गत: इकडे दसऱ्याची सुट्टी मोठी आणि दिवाळीला जेमतेम चार दिवस, तिकडे दिवाळीची मोठी आणि दसऱ्याला एखादा दिवस. चुलत-आते भावंडं एकत्र मोकळी सापडतात ती फक्त मे महिन्यात.

त्या मे महिन्यातही मोकळे दिवस कमीच. बेळगावात शिवजयंती तिथीप्रमाणे, वैशाख शुद्ध द्वितीयेला होते. त्यानंतर चित्ररथांची मिरवणूक निघते ती रात्रभर चालते. आमच्या गल्लीचं मंडळ त्यात असतं आणि ह्यांच्याकडे देखाव्याची जबाबदारी असते. मिरवणूक होऊन सामान परत केल्याशिवाय आणि मंडळाचा हिशेब लागल्याशिवाय हे गाव सोडत नाहीत, आणि मीही तसा आग्रह धरत नाही. पोरांनी महिनाभर जागून उभा केलेला देखावा सोडून सहलीला जाणं मला स्वतःला पटलं नसतं. दुसऱ्या बाजूला शेत. येळ्ळूर शिवारात आमचं भात असतं. मेअखेरीस वळवाचे एक-दोन चांगले पाऊस झाले की धूळवाफ पेरणीची गडबड सुरू होते आणि त्या दिवसांत घरचा माणूस बांधावर लागतो. मधे लग्नसराई. त्यातच एसएसएलसीचा निकाल साधारण मेच्या सुरुवातीला लागतो आणि पाठोपाठ पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, प्रवेशाची धावपळ.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर हे सगळं मांडल्यावर मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मोकळी जागा दिसली. त्यातही शनिवार-रविवार वगळले. मेमध्ये पार्कला गर्दी असतेच, पण रविवारी बेंगळूरु शहर तिथे लोटतं आणि दरही चढे असतात. आम्ही बुधवार पार्कसाठी धरला. भावकीतलं एक लग्न त्याच आठवड्यात होतं. त्याला नणंदेचे यजमान आणि आमचे चुलत सासरे जातील असं आधीच सांगून ठेवलं. आठवडाभर आधी सांगितलं असतं तर रुसवेफुगवे झाले असते. दोन महिने आधी सांगितल्यामुळे कुणी काही बोललं नाही.

मग जागा. आमच्यापुढे खरे पर्याय दोन होते: रायगड जिल्ह्यात खोपोलीजवळचं इमॅजिका आणि बेंगळूरुजवळ बिडदीचं वंडरला. दिरांचा कल इमॅजिकाकडे होता आणि त्यांची कारणं कच्ची नव्हती. 2013 साली सुरू झालेलं हे पार्क मोठं आहे, नायट्रोसारखं रोलर कोस्टर तिथे आहे, बंद इमारतीतल्या राइड्स पुष्कळ आहेत, शेजारी वॉटर पार्क आणि हॉटेल आहे, शिवाय सगळीकडे मराठी चालतं. निपाणी-गडहिंग्लजकरांना राष्ट्रीय महामार्ग 48 ने थेट रस्ता. पण बेळगावहून खोपोली सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास पडते, कोल्हापूर-पुणे पट्ट्यात रुंदीकरणाची कामं चालू होती, आणि दहा-बारा तास गाडीत पाय दुमडून बसल्यावर सासूबाईंचे गुडघे दुसऱ्या दिवशी उठू देणार नाहीत हे घरात सर्वांना माहीत होतं. सप्टेंबर 2024 पासून हुबळी-पुणे वंदे भारत बेळगाववरून जाते खरी, पण पुण्याहून पुढे पुन्हा गाडी करायची आणि बोरघाट उतरायचा.

निर्णायक ठरली हवा. खोपोली घाटाच्या पायथ्याशी आहे. मे महिन्यातला कोकणपट्टीचा दमट उकाडा आमच्या बेळगावकर अंगाला सोसत नाही. बिडदी पठारावर आहे. ऊन तिथेही कडक असतं, पण सावलीत बसलं की बरं वाटतं. आणि बेंगळूरुला जायला रात्रीची रेल्वे आहे, आडवं होऊन जाता येतं. आजी झोपून जाईल आणि सावलीत बसू शकेल, या दोन गोष्टींवर वंडरला ठरलं. दिरांनी थोडी कुरकुर केली आणि मान्य केलं.

वंडरलाची थोडी माहिती द्यायला हवी. बेंगळूरु-म्हैसूर रस्त्यावर शहरापासून सुमारे 28 किलोमीटरवर हे पार्क 2005 साली सुरू झालं. याच कंपनीचं कोचीचं पार्क त्याच्या पाच वर्षं आधीचं. 2012 मध्ये बिडदीच्या आवारालगत 84 खोल्यांचं रिसॉर्ट उभं राहिलं. 84 म्हणजे फार नाहीत. सुट्टीच्या दिवसांत त्या लवकर भरतात, म्हणून खोल्या आधी आणि तिकिटं नंतर असा क्रम आम्ही ठेवला. पार्कमध्ये कोरड्या राइड्स, पाण्याच्या राइड्स आणि लहान मुलांच्या राइड्स असे तीन भाग आहेत. साधारण अकराला दार उघडतं, आणि पाण्याचा भाग कोरड्या भागाच्या आधी बंद होतो. वेळा हंगामाप्रमाणे बदलतात, त्यामुळे जाण्याच्या आठवड्यात पुन्हा एकदा बघून घ्याव्यात.

आता उंचीविषयी, कारण मुलांचा आनंद आणि रडणं दोन्ही तिच्यावर ठरतं. वंडरलात मुलाचं तिकीट वयावर नसतं. 85 सेंटीमीटरच्या आतलं मूल फुकट, 85 ते 140 सेंटीमीटर लहानांचं तिकीट, त्यावर पूर्ण तिकीट. आणि मोठ्या थरारक राइड्सना किमान उंची तीच, 140 सेंटीमीटर, म्हणजे साधारण चार फूट सात इंच. रेल्वेचा हिशेब अगदी वेगळा. तिथे वय चालतं: पाचच्या आतलं मूल फुकट, पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं. दिरांनी पुतण्याला दोन्हीकडे फुकट धरलं होतं. रेल्वेत तो फुकट गेला, पार्कमध्ये 96 सेंटीमीटरमुळे त्याचं तिकीट लागलं. पुतणी वयाने 11 पण उंची 142, तिला पूर्ण तिकीट. पण ती खूश, कारण तिला सगळ्या राइड्स मोकळ्या झाल्या.

अडचण माझ्या मुलाची होती. त्याने महिनाभर आधीपासून रिकॉइलचा ध्यास घेतला होता. त्या रोलर कोस्टरवर गाडी गिरक्या घेत दुसऱ्या टोकाला वर चढते आणि त्याच रुळांवरून उलटी परत येते. एका संध्याकाळी मी त्याला स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीला टेकून उभं केलं. पाय अनवाणी, टाचा चौकटीला लागलेल्या, हनुवटी सरळ. डोक्यावर पुठ्ठ्याच्या बांधणीचं जाड पुस्तक आडवं ठेवलं, त्याची एक कड चौकटीला टेकवली आणि खाली पेन्सिलीने रेघ मारली. टेपवर आलं 138 ला जरा कमी. "आई, परत मोज की," तो म्हणाला. परत मोजलं, तेवढंच. सकाळी मोजलं असतं तर कदाचित थोडं जास्त भरलं असतं. रात्रभर झोपल्यावर पाठीचा कणा मोकळा होतो आणि दिवसभरात तो पुन्हा दबतो, त्यामुळे एवढा फरक माणसात पडतोच. पण रांगेत उभं राहायचं ते दुपारी. म्हणून मोजायचं तर संध्याकाळीच, असं माझं ठाम म्हणणं आहे.

दुसऱ्या दिवशी भाच्याने फोनवर त्याला सुचवलं की जाड तळव्याचे बूट घाल. मी दोघांनाही समोर बसवून समजावलं. उंचीची अट तिकीटवाल्याच्या मर्जीसाठी नसते. उलट्या जाणाऱ्या राइडमध्ये खांद्यावरून खाली येणारा दांडा शरीराला धरून ठेवतो. तो दांडा आणि ती खुर्ची ठरावीक मापाच्या शरीरासाठी बनवलेली असते. खांदे दांड्याच्या खाली नीट बसले नाहीत, मांड्या खुर्चीत पूर्ण टेकल्या नाहीत, तर जोरात वळताना शरीर सरकतं. बुटाने उंची वाढते, खांदे वर येत नाहीत. हे ऐकून घेतल्यावर त्याने स्वतःच वहीत दोन याद्या केल्या: "आत्ता" आणि "140 नंतर". रिकॉइल दुसऱ्या यादीत गेलं. पार्कच्या दारात जे ऐकून मूल दुखावतं ते घरी महिनाभर आधी ऐकलं, तर त्याला पचवायला वेळ मिळतो. हे काम कितीही घाई असली तरी टाळू नये.

रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं. नोव्हेंबर 2024 पर्यंत ते 120 दिवस होतं. एका तिकिटावर सहा प्रवासी बसतात, त्यामुळे आम्हा दहा बर्थना एक तिकीट पुरणार नव्हतंच. त्यात खालच्या बर्थचा कोटा, जो 60 वरच्या पुरुषांना आणि 45 वरच्या बायकांना मिळतो, तो त्या वयाची एक-दोन माणसं वेगळ्या तिकिटावर असतील तरच लागू होतो. म्हणून सासूबाई आणि नणंद यांचं तिकीट वेगळं काढलं आणि दोघींना खालचे बर्थ मिळाले. बाकी आठ जण चार-चार करून दोन तिकिटांवर. मिरजेकडून येणारी राणी चन्नम्मा आणि बेळगावहूनच सुटणारी रात्रीची सुपरफास्ट, यांत दुसरी निवडली. सुटण्याच्या ठिकाणी गाडी आधीपासून फलाटाला लागलेली असते, सासूबाईंना घाई न करता चढता येतं. बारीक गोष्ट वाटते, पण दोन मिनिटांच्या थांब्यात गुडघेदुखीचं माणूस डब्यात चढवणं काय असतं ते ज्याने केलंय त्याला विचारा. ऑगस्ट 2025 पासून बेंगळूरुची वंदे भारत बेळगावपर्यंत येते, हा पर्याय आता जाणाऱ्यांना आहे. आम्ही गेलो तेव्हा तो नव्हता, आणि लहान मुलांना पहाटे तीनला उठवायचं नसेल तर मी अजूनही जाताना रात्रीचीच गाडी घेईन.

पैशाचा मोठा वाद एकाच गोष्टीवर झाला. वंडरलात फास्ट्रॅक नावाचं महागडं तिकीट मिळतं. ते घेतलं की रांग टळते. दिरांचं आणि थोरल्या मुलांचं म्हणणं, एक रात्र राहू आणि सगळ्यांना फास्ट्रॅक घेऊ. माझं म्हणणं, साधी तिकिटं घेऊ आणि दुसरी रात्र राहू. एक रात्र म्हणजे काय, ते मी कागदावर मांडून दाखवलं. रात्रभर रेल्वेत झोपून सकाळी उतरायचं आणि तसंच पार्कमध्ये शिरायचं, किंवा पार्कच्या दिवशी सकाळी खोली सोडायची आणि ओले कपडे, बॅगा, झोपाळू बाळ घेऊन संध्याकाळी स्टेशन गाठायचं. दोन्ही प्रकारांत पार्क चालू असताना सासूबाईंना दुपारी दोन वाजता पाठ टेकायला जागा नाही. दोन रात्री राहिलं तर पार्कचा पूर्ण दिवस खोली आपली असते, पार्क सुरू असताना आणि नंतरही. बुधवारी रांगा रविवारइतक्या नसतात, त्यामुळे फास्ट्रॅकचा फायदाही तितकासा नाही. शिवाय पुतण्या आणि सासूबाई यांना फास्ट्रॅकच्या राइड्सचा उपयोगच नव्हता. अकरा जणांच्या जादा तिकिटांचे पैसे आणि तीन खोल्यांची एक जादा रात्र यांत फार अंतर नव्हतं. शेवटी नणंदेने कौल दिला, "आईसाठी चाललोय ना, मग आईला खाट पाहिजे." दोन रात्री ठरल्या.

खोल्या तीन: सासूबाई, नणंद आणि भाचा एकीत, आम्ही चौघं दुसरीत, दिरांचं कुटुंब तिसरीत. खोलीचे दर बघताना कर धरलेला आहे का ते पाहावं. 22 सप्टेंबर 2025 पासून रोजच्या 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी 5 टक्के आहे आणि त्यावरच्या खोलीवर 18, म्हणजे सीमेवरची खोली पाहताना मोठा फरक पडतो. आमचा खर्च माझ्या भिशीतून आणि तिन्ही घरांच्या वर्गणीतून उभा राहिला. सासूबाईंचा खर्च तिन्ही भावंडांनी सारखा वाटून घेतला.

कपड्यांचं आधीच पाहावं लागतं. पाण्याच्या राइड्सवर सुती कपडे चालत नाहीत, नायलॉन किंवा पॉलिस्टरच लागतात. सुती कापड पाणी पिऊन जड होतं, घसरगुंडीवर अंगाला ओढतं, आणि त्याचे धागे सुटून गाळणीत अडकतात. साडी-ओढणी तर अजिबात नाही. पार्कमध्ये कपडे मिळतात, पण अकरा जणांसाठी तिथे घेणं परवडत नाही आणि मनासारखं मापही मिळत नाही. जाऊबाईंना आणि मला पोहण्याचे तोकडे कपडे नको होते. खडे बाजारात पायघोळ नायलॉनच्या पँट आणि लांब बाह्यांचे टी-शर्ट मिळाले, घरी धुऊन, ओले करून पाहिले आणि मगच बॅगेत भरले.

मंगळवारी सकाळी बेंगळूरुला उतरलो. मेट्रो आता म्हैसूर रस्त्याने चल्लघट्टापर्यंत जाते, पण बिडदी त्याच्याही पुढे, आणि बॅगांसकट अकरा माणसांना टेम्पो ट्रॅव्हलर हेच बरं. रिसॉर्टला खोल्या दुपारी मिळणार होत्या. सामान तिथे ठेवलं आणि बिडदीतच तट्टे इडली खाल्ली, ताटलीएवढी, मऊ, वर लोणी. सासूबाईंनी दोन संपवल्या. मग चन्नपट्टणला जाऊन लाखेच्या रंगाची लाकडी खेळणी पाहिली आणि दुपारी परत येऊन सगळे झोपले. म्हैसूर करूया असा घोषा सगळ्यांनी लावला होता, तो मी मानला नाही. म्हैसूरला जाऊन येण्यात दिवस जातो, आणि दुसऱ्या दिवशी अकरा वाजता पार्कच्या दारात थकलेली माणसं उभी राहतात.

भाषेचा प्रश्न आमच्या पोरांनी सोडवला. माझी मुलगी आणि भाचा शाळेत कन्नड शिकलेत, दोघं सहज बोलतात. भाच्याने मंगळवारी रात्री प्रत्येक लहान मुलासाठी चिठ्ठी लिहिली: वर कन्नडमध्ये, खाली इंग्रजीत, मुलाचं नाव, दोन मोबाइल नंबर आणि रिसॉर्टचं नाव. प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत घालून ती खिशात पिनने अडकवली. गडहिंग्लजच्या पुतणीला कन्नड येत नाही. तिला त्याने चार वाक्यं पाठ करून घेतली आणि ती दिवसभर सुरक्षारक्षकांना तीच ऐकवत होती.

बुधवारी पावणेअकराला आम्ही दारात होतो. पहिला तास-दीड तास सर्वांत मोलाचा. बाहेरून येणारी गर्दी बारानंतर वाढते, आणि दुपारी पाण्याकडे गेलेली माणसं परत कोरड्या राइड्सकडे वळत नाहीत. म्हणून मोठ्या कोरड्या राइड्स आधी. दीर, माझी मुलगी, भाचा आणि पुतणी थेट तिकडे गेले. मी, नणंद, जाऊबाई आणि दोन्ही धाकटी मुलं लहानांच्या भागात. सासूबाई आणि हे खोलीवर. पार्कमध्ये बाहेरचं खाणं नेता येत नाही, बाळाचं तेवढं चालतं. त्यामुळे एक वाजता आतल्या उपाहारगृहात पार्कमधले आम्ही सगळे भेटलो.

जेवणानंतरच्या वेळाविषयी मला थोडं बोलायचंय. अशा सहलीत बायका बॅगा सांभाळत बसतात. मुलाचा टॉवेल, सासऱ्यांचा चष्मा, कुणाची चप्पल, आणि संध्याकाळी कुणी विचारलं तर "आम्हाला काय, पोरं खेळली म्हणजे झालं." हे मला नको होतं. फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये लहान मूल असलेल्या आईवडिलांसाठी पाळीची सोय असते, एक जण राइडवर, दुसरा मुलाजवळ, मग अदलाबदल, आणि दुसऱ्याला पुन्हा रांग नाही. इथे तशी सोय धरून चालता येत नाही, पण पाळी आपण घरी ठरवू शकतो. वेळापत्रकात मी स्पष्ट लिहिलं होतं: दीड ते तीन, दीर आणि नणंद मुलांजवळ, मी आणि जाऊबाई मोकळ्या. लिहिलं नसतं तर जाऊबाई उठल्याच नसत्या. पुतण्या दिरांच्या खांद्यावर झोपला आणि आम्ही दोघी रिकॉइलच्या रांगेत उभ्या राहिलो. गाडी उलटी निघाली तेव्हा जाऊबाईंनी माझा हात असा धरला की रात्रीपर्यंत मनगटावर वळ होता. उतरल्यावर त्या हसत सुटल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, परत जाऊया." लग्नाला बारा वर्षं झाली त्यांच्या, मी त्यांना इतकं मोकळं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

माझा मुलगा रिकॉइलच्या उंचीच्या खुणेखाली एकदा उभा राहिला, आपल्या डोक्यापासून खुणेपर्यंतचं अंतर बोटांनी मोजलं आणि लाटांच्या तलावाकडे पळाला. तिथून त्याला बाहेर काढणं मात्र अवघड गेलं.

साडेतीनला ऊन कलल्यावर हे सासूबाईंना घेऊन आले. त्यांचं ज्येष्ठांचं तिकीट होतं, 60 वरच्यांना सवलत असते, वयाचा पुरावा जवळ ठेवावा लागतो. दुपारचं जेवण, रक्तदाबाची गोळी, तासभर झोप असं सगळं होऊन त्या आल्या, ताज्या. आणि वीस मिनिटांत वळीव आला. मेमध्ये बेंगळूरु भागात दुपारनंतर विजांचा पाऊस पडतोच. उघड्यावरच्या राइड्स थांबवल्या गेल्या. आम्ही मोठ्या राइड्स तीनच्या आत संपवल्या त्या याच हिशेबाने. त्यामुळे कुणाचं काही राहून गेलं नाही. छताखाली बसून मुलांनी आजीला दिवसभराचं सांगितलं, सगळ्यांनी एकदम. पाऊस ओसरून राइड्स पुन्हा सुरू झाल्या तेव्हा गर्दीही पांगली होती. स्काय व्हील हे इमारतीच्या माथ्यावर बसवलेलं मोठं चक्र आहे, हळू फिरतं, आणि वरून चहूकडचा परिसर दिसतो. सासूबाईंनी नऊवारीचा पदर कमरेला घट्ट खोचला, नातवाला म्हणाल्या, "तू माझ्या बाजूला बस, घाबरशील," आणि चढल्या.

साडेसहाला सगळे खोलीवर. बाळ न जेवताच झोपलं. त्या खाटेसाठी आम्ही भांडलो होतो, ती त्या क्षणी दिरांनाही पटली. गुरुवारी सकाळी निवांत उठून खोल्या सोडल्या, सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवलं आणि दुपार लालबागेत काढली. तिथे बसायला बाकं आहेत, मोठी जुनी झाडं आहेत, आणि सासूबाईंना काचघर पाहायचं होतं. रात्रीची गाडी धरून शुक्रवारी सकाळी बेळगाव.

घरी आल्यावर हिशेब केला. सर्वांत मोठा खर्च खोल्यांचा, त्याखालोखाल पार्कची तिकिटं, मग रेल्वे. पार्कमधलं खाणं आम्ही धरलं होतं त्यापेक्षा जास्त झालं, कारण पाण्यातून निघाल्यावर मुलांना तासातासाला भूक लागते. कपडे बेळगावात घेतल्यामुळे वाचलेले पैसे या खाण्यात गेले. वर्गणीतून थोडे पैसे शिल्लक राहिले, ते नणंदेकडे ठेवलेत.

पुढच्या वेळी इमॅजिका, असा दिरांचा आग्रह आहे, आणि दिवाळीत गेलं तर खोपोलीची हवाही बरी असते, हे मलाही मान्य. पण दिवाळीत आमच्या मुलांना सुट्टी चारच दिवस, त्यात लक्ष्मीपूजन आणि पाडवा घरीच हवा. जाऊबाई म्हणतात मुलांची दोन दिवस शाळा बुडाली तर काय बिघडतं, माझ्या मुलीला पीयूसीचे तास बुडवायचे नाहीत, आणि सासूबाई म्हणतात आधी म्हैसूर. जूनमध्ये दोन्ही राज्यांचं शाळांचं वेळापत्रक हातात येईल तेव्हा पुन्हा बसायचं ठरलंय. धाकट्याची उंची मी तीन महिन्यांनी मोजते. शेवटची रेघ 139 च्या थोडी खाली आहे.